नॅन्टकेटचं व्हेलिंग म्युझियम: सांगाड्याच्या आधी तेल काढायचा दाब बघा

मॅसॅच्युसेट्सच्या केप कॉडखाली, साधारण 30 मैल समुद्रात, नॅन्टकेट नावाचं वाळूचं छोटं बेट आहे. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला जगभरात देवमाशाच्या तेलाचा विषय निघाला की या गावाचं नाव यायचंच. गावाचा हा सगळा इतिहास ब्रॉड स्ट्रीटवरच्या व्हेलिंग म्युझियममध्ये आहे. फेरी जिथे लागते त्या स्टीमबोट धक्क्यावरून चालत पाच मिनिटं लागतात. बॉस्टनकडून एका दिवसात जाऊन येणाऱ्यांनी गावात फक्त एकच गोष्ट नीट बघायची ठरवली, तर ती हीच असावी.

मात्र बघण्याचा क्रम बहुतेकांचा चुकतो. आत शिरलं की मोठ्या दालनात टांगलेला स्पर्म व्हेल या जातीच्या देवमाशाचा 46 फुटी सांगाडा लगेच डोळ्यांत भरतो. लोक तिथे फोटो काढतात, हार्पून (देवमाशावर फेकायचे दोरीचे भाले) बघतात आणि शेवटी पाय दुखायला लागल्यावर मेणबत्तीच्या कारखान्यातून चालत बाहेर पडतात. हे उलटं करा. हे म्युझियम इतर सागरी संग्रहालयांपेक्षा वेगळं ठरतं ते इमारतीमुळे. हॅडवेन अँड बार्नी या नावाने ओळखला जाणारा हा तेलाचा आणि मेणबत्तीचा खरा कारखाना आहे, 1847 मध्ये बांधलेला. जहाजाची प्रतिकृती कुठेही उभारता येते, सांगाडे अनेक शहरांत आहेत. पण जिथे तेल दाबून काढलं जायचं त्याच भिंतींच्या आत उभं राहून तो धंदा समजून घेण्याची संधी क्वचितच मिळते.

इमारत 1847 ची असण्यालाही कारण आहे. 13 जुलै 1846 च्या रात्री मेन स्ट्रीटवरच्या टोप्यांच्या एका दुकानातून आग सुरू झाली. लाकडी घरं, अरुंद गल्ल्या आणि धक्क्यावर तेलाने भरलेली पिंपं, मग आग थांबणार कशी? शहराचा सुमारे एक तृतीयांश भाग जळाला. पेटलेलं तेल पाण्यावर पसरल्यामुळे धक्केही वाचले नाहीत. हा विटांचा कारखाना त्यानंतरचा. म्हणजे तो उभा राहिला तेव्हा गावाचे सर्वांत भरभराटीचे दिवस सरत आले होते. हे मनात ठेवून आत गेलं तर पुढचं सगळं वेगळं दिसतं.

आता दाबाकडे, म्हणजे तेल दाबून काढायच्या यंत्राकडे. स्पर्म व्हेलच्या डोक्यात, कवटीच्या पुढच्या खोलगट भागावर, स्पर्मासेटी नावाचा पदार्थ असतो. मोठ्या नरात तो जवळपास 1,900 लिटरपर्यंत भरू शकतो. जिवंत प्राण्याच्या अंगातल्या उष्णतेला तो पातळ, स्वच्छ तेलासारखा असतो आणि हवा लागून थंड झाला की पांढरा पडून घट्ट होऊ लागतो. जुन्या खलाशांना ते वीर्य वाटलं, म्हणून प्राण्याचंही नाव तेच पडलं. प्रत्यक्षात ते तेल आणि मेण यांचं मिश्रण आहे. कारखान्याचं काम एकच होतं: दोन्ही वेगळी करायची. आणि ती वेगळी करणारं खरं हत्यार म्हणजे हवामान.

शरद ऋतूत जहाजावरून आलेला माल आधी उकळून त्यातलं पाणी आणि घाण काढायची. मग पिंपांत भरून थंडीभर ठेवून द्यायचा. कडाक्याच्या थंडीत मेणाचे कण गोठून दाणेदार गोळा तयार होतो. हिवाळ्यात एखादा जरा उबदार दिवस पकडून हा गोळा फावड्याने लोकरीच्या पिशव्यांत भरायचा आणि पिशव्या दाबाखाली रचायच्या. दाब म्हणजे एक अवजड लाकडी तुळई. तिचं एक टोक अडकवलेलं, दुसऱ्या टोकावर वजन, मध्ये पिशव्या. तरफेचंच तत्त्व, फक्त माणसाच्या कितीतरी पट मोठं. यातून हळूहळू जे पाझरतं ते ‘विंटर-स्ट्रेन्ड’ तेल, सर्वांत महाग. महाग का, तर गोठवणाऱ्या थंडीतच मेण बाजूला काढल्यामुळे हे तेल पुढच्या हिवाळ्यातही पातळ राहतं. दीपगृहाच्या दिव्यात थंडीच्या रात्री तेल घट्ट झालं तर वातीपर्यंत चढत नाही आणि दिवा मंदावतो. त्यामुळे दीपगृहांना हेच तेल हवं असायचं.

वसंतात उरलेला गोळा पुन्हा गरम करून, वड्या पाडून, किसून, जास्त घट्ट विणीच्या पिशव्यांत घालून दुसऱ्यांदा दाबायचा. हे ‘स्प्रिंग-स्ट्रेन्ड’ तेल, दर्जाने एक पायरी खाली. उन्हाळ्यात तिसरा दाब, आता उबदार खोलीत ठेवून मऊ केलेल्या वड्यांचा. त्यातून निघणारं तेल सर्वांत स्वस्त, पण या फेरीचा खरा हेतू तेल नव्हताच. मागे उरलेलं तपकिरी मेण शक्य तितकं कोरडं करायचं होतं. शेवटी ते मेण पाणी आणि पोटॅश घालून उकळलं की रंग जाऊन पांढरंशुभ्र होतं आणि साच्यात ओततात.

या कामात चुकण्याच्या जागा खूप होत्या. थंडीचा पहिला दाब फार गरम दिवशी दिला तर थोडं मेण वितळून तेलाबरोबर निघून जातं, तेल थंडीत गढूळ होतं आणि मेणाचा वजनी तोटा होतो तो वेगळा. फार थंड दिवशी दिला तर गोळा दगडासारखा राहून पिशव्या फाटतात. दाब एकदम वाढवला तरी तेच. शुद्ध स्पर्मासेटी थंड होताना मोठे स्फटिक धरतं आणि मेणबत्तीला तडे जातात, म्हणून त्यात थोडं मधमाशीचं मेण मिसळत. एवढं सगळं वर्षभर सांभाळणाऱ्या कारागिराच्या हातात कागदी गणित फारसं नव्हतं. अंदाज होता तो बोटांचा आणि आकाशाचा.

हा लाकडी दाब इथे जागच्या जागी बघायला मिळतो. किमान पंधरा मिनिटं द्या. तुळई कुठे अडकवली आहे, वजन कोणत्या टोकाला येतं आणि तेल कुठे वाहत जात असेल, हे स्वतः शोधून बघा. मुलं बरोबर असतील तर त्यांना लिंबू पिळायच्या यंत्राची आठवण करून द्या, ती पटकन समजतात.

या मेणबत्तीचा आपल्या रोजच्या भाषेशीही संबंध आहे. 1860 च्या ब्रिटिश गॅस कायद्याने प्रकाशाचं माप ठरवलं ते स्पर्मासेटीच्या मेणबत्तीवरून: वजन पौंडाचा सहावा भाग, जळण्याचा वेग तासाला 120 ग्रेन, म्हणजे 7.8 ग्रॅमच्या आसपास. ‘कॅन्डलपॉवर’ शब्द तिथला. आजचं कॅन्डेला हे एकक वेगळ्या पद्धतीने ठरतं, तरी त्याचं मूल्य त्या जुन्या मेणबत्तीच्या जवळच ठेवलेलं आहे. ही मेणबत्ती एवढी भरवशाची का, तर चरबीच्या मेणबत्तीसारखी ती उन्हाळ्यात वाकत नाही, धूर कमी करते आणि ज्योत स्थिर राहते.

आता सांगाड्याकडे या. हा नर 1998 च्या नववर्षदिनी बेटाच्या पूर्व टोकाला, सायसकॉन्सेटजवळच्या किनाऱ्यावर येऊन पडला होता. खाली उभं राहून आधी कवटी बघा. पुढून ती मोठ्या परातीसारखी खोलगट दिसते. जिवंतपणी त्या परातीवर स्पर्मासेटीचा अवयव बसलेला असतो, म्हणजे प्राण्याचं चौकोनी ‘कपाळ’ हे हाड नाहीच, हाडावर ठेवलेला तेलाचा साठा आहे. दाब आधी बघितलेला असला तर ही रिकामी परात लगेच भरलेली दिसू लागते. मग कवटी डावी-उजवीकडे सारखी नाही हे लक्षात येईल. या जातीत श्वासाचं छिद्रही डाव्या बाजूला असतं. दात फक्त खालच्या अरुंद जबड्यात, वरच्या बाजूला ते बसण्यासाठी खळगे. आणि वल्ह्यासारख्या पुढच्या परांत बोटांची हाडं मोजता येतील इतकी स्पष्ट आहेत.

सांगाड्याजवळची होडी हा इथला सर्वांत शिकवणारा जोड आहे. व्हेलबोट साधारण 28 ते 30 फूट, दोन्ही टोकांना निमुळती, म्हणजे मागे वळवायचा वेळ न घालवता उलटी वल्हवता येते. सहा माणसं, पाच वल्ही, सहावा सुकाणूच्या लांब वल्ह्यावर. हार्पून फेकणारा पुढे बसतो आणि तोवर तोही वल्हवत असतो. बऱ्याच जणांचा गैरसमज असतो की हार्पूनने देवमासा मरतो. हार्पून फक्त दोरी अडकवण्यासाठी. तो लागला की हलत्या होडीत फेकणारा आणि मागचा अधिकारी जागा बदलतात, आणि अधिकारी लांब भाल्याने शेवटचे वार करतो. होडीत टबांत गुंडाळलेली दोरी सुमारे 300 वाव, म्हणजे 1,800 फूट. प्राणी खाली बुडी मारतो तेव्हा ती मागच्या खुंटाभोवती एवढ्या वेगाने धावते की लाकडातून धूर येतो, म्हणून तिच्यावर सतत पाणी ओतावं लागतं. दोरी टबात जराही चुकीची गुंडाळलेली असली तर निघताना तिचा फास बसतो आणि माणूस ओढला जातो. म्हणून गुंडाळी हे होडीवरचं सर्वांत काळजीचं काम.

हार्पूनच्या मांडणीत आकारातला बदल जरूर बघा. जुन्या बाणाच्या टोकाचे हार्पून ताण पडला की मांसातून उपटून येत. 1848 च्या सुमारास मुख्य भूमीवरच्या न्यू बेडफर्ड बंदरातल्या लुईस टेम्पल या आफ्रिकन-अमेरिकन लोहाराने असं टोक बनवलं, जे आत गेल्यावर खिळीवर आडवं फिरतं आणि बटणासारखं अडकतं. त्याने पेटंट घेतलं नाही. नक्कल सगळ्यांनी केली, पैसा त्याच्या वाट्याला आला नाही.

एसेक्स या व्हेलिंग जहाजाची गोष्ट इथे ऐकायला मिळते. तिचं कथन ज्या वेळी असेल ती वेळ दारातच विचारून घ्या आणि बाकीचं तिच्याभोवती बसवा. ऑगस्ट 1819 मध्ये नॅन्टकेटहून निघालेलं हे जहाज 20 नोव्हेंबर 1820 रोजी प्रशांत महासागराच्या मधोमध एका स्पर्म व्हेलने धडक मारून बुडवलं. 20 माणसं तीन होड्यांत. नरभक्षकांच्या भीतीने जवळची बेटं सोडून त्यांनी दक्षिण अमेरिकेची दूरची वाट धरली, आणि शेवटी तेच जिवंत राहण्यासाठी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाण्याच्या वेळेला आले. आठ जण वाचले. त्यांतला केबिन बॉय थॉमस निकरसन याने म्हातारपणी लिहिलेली हकिगत 1960 मध्ये सापडली, आणि ती या म्युझियमच्या संस्थेच्या संग्रहात आहे. त्याच संग्रहात, वाचलेल्यांपैकीच बेंजामिन लॉरेन्सने होडीत वळलेल्या सुतळीचा छोटा तुकडाही आहे. मोठ्या तैलचित्रांपेक्षा ती बोटभर सुतळी मनात जास्त राहते. कप्तान जॉर्ज पोलार्डचं पुढचं जहाजही 1823 मध्ये हवाईच्या पश्चिमेकडच्या खडकांवर फुटलं. मग समुद्र सोडून तो गावात रात्रीचा पहारेकरी झाला.

दातांवरचं कोरीव काम, म्हणजे स्क्रिमशॉ, लोक घाईने बघतात, तसं करू नका. दाताचा पृष्ठभाग मुळात खडबडीत, पन्हाळीचा असतो. तो आधी तासून, घासून गुळगुळीत करायचा, सुईने किंवा चाकूच्या टोकाने रेघा खणायच्या आणि त्यांत काजळी भरायची. नॅन्टकेटच्या फ्रेडरिक मायरिकने 1828-29 मध्ये ‘सुझन’ जहाजावर कोरलेले दात या कलेतले सर्वांत जुने, सही आणि तारीख असलेले अमेरिकन नमुने मानले जातात. दातांइतकीच बघण्यासारखी आहेत ती घरगुती वस्तूंची दालनं: ‘पाय’ या भाजलेल्या पदार्थाच्या पिठाच्या कडा कापायची चाकं, लोकर गुंडाळायचे उघडझाप करणारे फिरते साचे, काचोळीत घालायच्या पट्ट्या. तीन-चार वर्षांच्या सफरीत बायकोसाठी बनवलेल्या या वस्तू आहेत. त्यांतला एखादा सांधा जवळून बघितला की कळतं, खलाशाकडे वेळ किती होता. एक सूचना कळकळीची: गावातल्या दुकानांत असं काम दिसलं तर घेऊन भारतात नेण्याचा विचारही करू नका. स्पर्म व्हेल हा दुर्मीळ प्राण्यांच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि भारतातही कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे सीमेवर ती वस्तू जप्त होईल. शिवाय राळेच्या हुबेहूब नकला खूप फिरतात.

कागदपत्रं आणि चित्रांच्या दालनांत उजेड कमी ठेवलेला असतो. कागद आणि कापड 50 लक्स (उजेडाचं माप) याच्या वर फार काळ टिकत नाही, म्हणून संग्रहालयांचा हा नियम. उन्हातून थेट आत आलात तर काहीच दिसत नाही असं वाटेल. पाच मिनिटं थांबा, डोळे सरावतात.

चित्रांत कृष्णवर्णीय कप्तान अब्सलम बॉस्टनचं चित्र शोधा. 1822 मध्ये ‘इंडस्ट्री’ हे जहाज त्याने पूर्ण कृष्णवर्णीय खलाशांसह नेलं. आणि बेटाचे मूळ रहिवासी वांपानोआग: 1763-64 च्या साथीत त्यांच्यातल्या 358 पैकी 222 माणसं गेली. सुरुवातीच्या व्हेलबोटींवर वल्ही मारणारे हात मोठ्या प्रमाणात त्यांचेच होते. गावाची श्रीमंती क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या कप्तानांच्या नावावर जमा झाली तरी ती ज्यांच्या श्रमावर उभी होती ते हे लोक, हे इथे विसरून चालणार नाही. त्यासाठी दोन पाट्या जास्त वाचाव्या लागल्या तर वाचा.

सँकटी हेड दीपगृहाचं काचेचं भिंग बघितल्याशिवाय बाहेर पडू नका. ‘सेकंड ऑर्डर’ (हा क्रम आकाराचा, गुणवत्तेचा नव्हे) फ्रेनेल भिंग, पॅरिसमधल्या आंरी-लपोतच्या कारखान्यात बनलेलं, 1 फेब्रुवारी 1850 रोजी पहिल्यांदा पेटलं आणि 1950 पर्यंत कामात होतं. एकच जाड भिंग कापून पातळ कड्यांत बसवायचं ही यातली युक्ती. वजन कमी, काच पातळ, आणि वर-खाली वाया जाणारा उजेडही क्षितिजाकडे वळतो. आता कारखान्यातलं विंटर तेल आठवा. ते आणि हे भिंग एकाच साखळीच्या दोन कड्या आहेत. 1850 च्या दशकात तेलाचे भाव चढले तेव्हा अमेरिकन दीपगृहांनी हळूहळू दुसरी तेलं शोधली. 1859 मध्ये पेन्सिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली आणि बाकीचा बाजार केरोसीनने घेतला.

लाइटशिप टोपल्यांकडे थोडं थांबा. बेटाच्या दक्षिणेकडच्या उथळ समुद्रात नांगरलेल्या दिव्याच्या जहाजावर महिनोन्‌महिने अडकलेल्या माणसांनी वेताच्या या टोपल्या विणल्या. तळ लाकडाचा, त्याच्या खाचेत उभ्या कामट्या, भोवती वेत. कामट्या नेहमी विषम संख्येत घेतात, कारण एकच वेत एक वर, एक खाली असा सलग फिरवायचा तर प्रत्येक फेऱ्यात त्याची जागा आपोआप बदलायला हवी. सम संख्येत तो त्याच कामट्यांवर पुन्हा वर येतो आणि वीण बसत नाही.

वेळेचं सांगायचं तर नीट बघायला अडीच ते तीन तास हवेत. हायॅनिसहून साधी फेरी सव्वादोन तास घेते, वेगवान फेरी साधारण एक तास. वारा जोराचा असेल तर वेगवान फेऱ्या आधी रद्द होतात, म्हणून परतीला शेवटची फेरी धरू नका. बेटावर मोटार न्यायची काहीच गरज नाही. हिवाळ्यात म्युझियम कमी दिवस उघडं असतं, निघण्यापूर्वी वेळा तपासा. मुख्य भूमीवरून फक्त एका दिवसाची सवड असेल आणि बोटीचा प्रवास नको असेल, तर न्यू बेडफर्डचं व्हेलिंग म्युझियम हा चांगला पर्याय आहे. तिथे ‘लगोडा’ जहाजाची अर्ध्या मापाची प्रतिकृती आहे, तिच्यावर चढता येतं, आणि निळ्या देवमाशाच्या सांगाड्यातून अजूनही तेल ठिबकतं. पण मेणबत्तीचा मूळ कारखाना तिथे नाही.

शेवटी वर गच्चीवर जा, लाकडी पायवाटेसारखी आहे. गावात अनेक घरांच्या छपरांवर तशाच दिसतील. नवऱ्याची वाट बघणाऱ्या बायकांसाठी त्या बांधल्या ही गोष्ट पर्यटकांना आवडते, प्रत्यक्षात धुराड्याला आग लागली तर वरून वाळू ओतता यावी आणि धुराडं साफ करता यावं म्हणून त्या होत्या. वरून बंदर दिसतं. त्याच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा दांडा आहे, आणि नॅन्टकेटच्या उतरणीचं मोठं कारण तोच. सफरी लांबल्या, जहाजं मोठी झाली आणि माल भरलेलं जहाज त्या दांड्यावरून आत येईना. 1842 पासून पीटर फोल्जर यूअरने ‘कॅमल्स’ वापरून बघितले, म्हणजे जहाजाच्या दोन्ही बाजूंना बांधायच्या पोकळ तराफ्यांची जोडी. आधी पाणी भरून बुडवायची, मग उपसून जहाजासकट वर उचलायची. काही वर्षं ते चाललं. खर्च आणि वेळ मात्र परवडेना, आणि खोल बंदराच्या न्यू बेडफर्डने धंदा घेतला. 1849 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सोन्यासाठी माणसंही गेली. 1840 मध्ये बेटावर 9,012 माणसं होती, 1870 मध्ये 4,123.

शेवटचं व्हेलिंग जहाज, ‘ओक’, 1869 मध्ये बंदराबाहेर पडलं. दांडा हटवण्यासाठी दगडी बंधारे घालायला सुरुवात झाली ती 1881 मध्ये. परतीच्या फेरीत डेकवर उभे राहा. बोट बाहेर पडताना दोन्ही बाजूंना दगडांच्या लांब रांगा दिसतात, ते हेच बंधारे.